बारावी जीवशास्त्रानंतर समुद्राची वाट

बारावीला जीवशास्त्र, पण मेडिकलला जायचं नाही, असं मुलानं सांगितलं की आईवडिलांची झोप उडते. अशा मुलांसाठी सागरी विज्ञानाची वाट खुली आहे. तिथे काम काय असतं, हे कॅलिफोर्नियाच्या केल्पवरून समजून घेऊ.

केल्प म्हणजे थंड समुद्रातलं मोठं तपकिरी शैवाल. त्यातलं जायंट केल्प अनुकूल काळात दिवसाला अर्धा मीटरपर्यंत वाढतं. वसंतात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे उत्तरेचे वारे पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात. मग खालचं थंड पाणी वर येतं आणि नायट्रेट, म्हणजे शैवालाचं खतच, सोबत आणतं. उन्हाळ्यात वरचा थर तापला की हे खत संपत येतं आणि वाढ मंदावते. २०१४ ते २०१६ या काळात समुद्र बराच तापला आणि उत्तर कॅलिफोर्नियातलं बुल केल्प, म्हणजे केल्पचाच दुसरा प्रकार, ९० टक्क्यांहून अधिक घटलं. त्याच सुमारास रोगानं तारामासे मेले, त्यांचं भक्ष्य असलेले काटेरी सी अर्चिन माजले आणि उरलंसुरलं केल्प त्यांनी फस्त केलं.

यात कोणाला संधी?
पाण्याखाली जाऊन रोपं मोजणारा, प्रयोगशाळेत नायट्रेट तपासणारा, लँडसॅट उपग्रहाच्या १९८४ पासूनच्या चित्रांतून केल्पचं क्षेत्र काढणारा आणि या आकड्यांचा मेळ घालणारा, हे बदल समजून घ्यायला असे सगळेच लागतात. त्यामुळे गणित आणि कोडिंग सोडू नका.

आपल्याकडे काय?
केल्प आपल्या उष्ण समुद्रात वाढत नाही. मात्र तमिळनाडूत कप्पाफायकस या शैवालाची शेती होते. भावनगरची सीएसएमसीआरआय ही संस्था शैवालावर संशोधन करते, तर हैदराबादची इन्कॉइस ही संस्था सागरी उष्णतेच्या लाटांवर नजर ठेवते. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची बी.एफ.एस्सी. पदवी मिळते. पुढच्या शिक्षणासाठी मुंबईची सीआयएफई ही मत्स्यशिक्षण संस्था आणि गोवा विद्यापीठ आहे.

पालकांनो,
संशोधनात पदवीवर भागत नाही. पदव्युत्तर शिक्षण आणि बहुधा पीएच.डी. करावी लागते, आणि जागाही मोजक्याच असतात. तेवढा धीर घरात आहे का, हे आधी मोकळेपणानं बोला. मूल चिकाटीनं नोंदी ठेवणारं असेल, तर ‘यात पुढे काय?’ म्हणून त्याला अडवू नका. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एकदा त्याला घेऊन महाविद्यालयात जा आणि तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला.