कावेरीच्या कुशीतील श्रीरंगपट्टण

म्हैसूरपासून सुमारे १५ किलोमीटरवर कावेरी दुभंगते आणि थोडे अंतर वाहून पुन्हा एक होते. या दोन प्रवाहांमधील बेट म्हणजे श्रीरंगपट्टण. येथील रंगनाथाचे मंदिर गंग राजवटीत, इ. स. ८९४ मध्ये उभारले गेले, अशी परंपरा आहे. होयसळ व विजयनगरच्या काळात त्यात भर पडली. १६१० मध्ये राजा वोडेयर यांनी विजयनगरच्या प्रतिनिधीकडून बेट घेऊन राजधानी येथे आणली. १७६१ मध्ये खरी सत्ता हैदर अलीच्या व पुढे टिपूच्या हाती गेली. टिपूच्या राजवाड्यापासून मंदिर हाकेच्या अंतरावर होते. त्याने देवाला अर्पण केलेली चांदीची भांडी मंदिरात जतन झाली आहेत.

या बेटाचा खरा पहारेकरी नदी. ग्रीसच्या ऱ्होड्स बेटाभोवती समुद्र बारा महिने असतो. कावेरी मात्र उन्हाळ्यात ओसरते आणि पावसाळ्यात खवळते. त्यामुळे वेढा घालणाऱ्या सैन्याला पावसाआधीच निकाल लावावा लागे. १७५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बेटाला वेढा घातला, तो खंडणीच्या करारावर उठला. मे १७९१ मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस बेटाजवळ पोहोचला, तेव्हा पाऊस सुरू झालेला, धान्य संपलेले आणि तोफा ओढणारे बैल मरून पडत होते. मोठ्या तोफा स्वतःच निकामी करून तो माघारी वळला. पाठोपाठ हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन मिळाल्या. त्यांच्या बाजारातील धान्याने इंग्रज सैन्य तगले; पण तोफा गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी, हिवाळ्यात, तिन्ही दोस्तांनी बेटाला वेढले. मार्च १७९२ च्या तहाने टिपूचे निम्मे राज्य गेले आणि त्याचे दोन मुलगे ओलीस गेले.

१७९९ मध्ये इंग्रजांनी घाई केली. ४ मे रोजी भर दुपारी त्यांचे सैनिक ओसरलेले पात्र पायी ओलांडून तटाच्या खिंडारातून आत शिरले. टिपू लढताना पडला.

वोडेयर घराण्यातील पाच वर्षांच्या राजपुत्राला गादी मिळाली, पण राजधानी म्हैसूरला परत गेली. बेट कंपनीने स्वतःकडे ठेवले. तेथे हिवतापाने सैनिक आजारी पडू लागले. ज्या पाण्याने बेट राखले, त्याच पाण्याकाठी डास माजत होते. अखेर १८०९ मध्ये इंग्रजांनी छावणी बंगळूरला हलवली.