पायडल आणि पादत्राण

सायकल आणि तिचा स्वार यांचा संबंध पाच ठिकाणी येतो : दोन मुठी, एक बैठक आणि दोन पायडले. यांपैकी स्वाराची शक्ती यंत्रात उतरते ती पायडलांतून. तरीही सायकल विकत घेताना चौकट, चाके व रंग यांची जितकी पारख होते, तितकी पायडलांची होत नाही. आणि पायात काय घालून ती चालवावयाची, हा प्रश्न तर बहुधा कोणी विचारीतच नाही. वास्तविक पायडल आणि पादत्राण यांची निवड एकत्रच केली पाहिजे.

जयपूर शहराचे उदाहरण घेऊ. सवाई जयसिंहाने १७२७ साली वसविलेल्या या नगरातील मुख्य रस्ते सरळ व रुंद आहेत. सायकलीला ही रचना अनुकूल आहे. परंतु जोहरी बाजारातील गर्दीतून जाताना स्वाराला वारंवार थांबून पाय जमिनीवर टेकावा लागतो. म्हणून रोजच्या पायडलावर पाय घट्ट बसावा, पण क्षणात सुटावाही.

शर्यतीची गरज वेगळी असते. बुटाच्या तळाशी बसविलेला तुकडा ज्यात अडकतो, असे पायडल फ्रान्समधील लूक कंपनीने १९८४ साली बाजारात आणले. पुढील वर्षी बर्नार इनो याने ते वापरून तूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. अशा पायडलातून पाय सोडविण्यासाठी टाच बाहेर वळवावी लागते आणि बूटही खास लागतात. बाजारहाट करणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही.

रोजच्या वापरासाठी सपाट पायडलेच योग्य. त्यांपैकी रबरी ठोकळ्यांची पायडले पातळ तळाच्या वहाणेलाही टोचत नाहीत; मात्र रबर झिजून गुळगुळीत झाले की पावसात पाय घसरतो. दातेरी कडांची धातूची पायडले रबरी तळाचा बूट उत्तम धरतात; परंतु पातळ चामडे कापतात आणि पाय निसटल्यास नडगीला इजा करतात.

आता पादत्राणांकडे वळू. जयपूरची मोजडी दिसायला सुंदर असते. पण तिचा चामडी तळ गुळगुळीत असतो आणि तिला बंद नसतात. ओल्या पायडलावर ती भरवशाची नाही. अंगठ्याची चप्पल टाचेला मोकळी असल्याने पुढेमागे सरकते. टाच बंद असलेला, रबरी व किंचित खाचदार तळाचा साधा बूट सर्वांत सोयीचा. तळ इतका मऊ नसावा की तो पायडलावर दुमडेल. नाडीची टोके आत खोचावीत. साखळी उजव्या बाजूस असते, म्हणून उजव्या पायाची अधिक काळजी घ्यावी. पाय ठेवताना टाच किंवा तळव्याचा मध्य नव्हे, तर चवडा पायडलाच्या आसावर यावा.

ज्याला कृत्रिम पाय आहे, त्याच्यासाठी ही निवड अधिकच महत्त्वाची ठरते. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात ‘जयपूर फूट’ विकसित केला. या कार्यासाठी डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा पाय बसवून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते आणि सायकलही चालविता येते. परंतु कृत्रिम पायाला स्पर्श कळत नाही. पाय पायडलावरून सरकू लागला, तरी स्वाराला ते उशिरा उमगते. अशा स्वाराला रुंद व चांगली पकड असलेले पायडल हवे. कामधंद्यासाठी सायकलीवर अवलंबून असणाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नाही.

पायडल बदलताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उजव्या पायडलाचे आटे नेहमीप्रमाणे असतात, तर डाव्याचे उलटे. म्हणून डावे पायडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरविल्यास सुटते. हे ठाऊक नसल्यास जोर लावून आटे खराब होण्याचा संभव असतो. पायडल हाताने हलवून पाहावे. ते डुगडुगत असेल किंवा खरखरत असेल, तर आतील छर्रे तपासून घ्यावेत.

सारांश, प्रथम आपण नेहमी काय घालतो ते पाहावे, मग त्याला साजेसे पायडल निवडावे. आणि वहाण निसरडी असेल, तर पायडलाआधी तीच बदलावी.