बोल्टचे पहिले दोन आटे हातानेच का लावायचे?

असेंब्लीचं जॉबवर्क घेणाऱ्यांसाठी आजचा विषय छोटा, पण खिशाला भारी पडणारा आहे: क्रॉस थ्रेडिंग, म्हणजे बोल्ट तिरका शिरून आटे खराब होणं.

समजा, ॲल्युमिनियमच्या हाउसिंगवर चार बोल्टनी कव्हर बसवायचंय. बोल्ट पोलादाचा, कडक, हाउसिंग मऊ. बोल्ट जरा तिरका लागला आणि वरून गन चालवली, की तो जुने आटे कापतच आत जातो. बोल्ट काही रुपयांचा, पण वाया जातं अख्खं हाउसिंग. तेही बऱ्याचदा पार्टीनं दिलेलं!

"पण सर, आमच्याकडे टॉर्क रेंच आहे ना!" इथेच फसायला होतं. रेंच फक्त फिरवायला लागणारा जोर मोजतो. तिरका बोल्ट अडकला तरी तेवढा जोर लागतो, रेंच 'टक' करतो. पण कव्हर दाबलेलंच नसतं. पुढे मशीनच्या थरथरीनं बोल्ट सैल होतो.

मग काय करायचं?

१. भोक साफ ठेवा. बर, रंग नको. पावडर कोटिंगला पाठवताना आट्यांच्या भोकात रबरी बूच लावा.

२. सारखे दिसणारे बोल्ट एका डब्यात ठेवू नका. एम १० बोल्ट १.५ आणि १.२५ मिमी, दोन्ही पिचमध्ये मिळतो.

३. बोल्ट सरळ धरून आधी हलकेच उलटा फिरवा. तो किंचित खाली बसल्याचं बोटांना कळतं. मग सुलटा फिरवा.

४. दोन-तीन आटे बोटांनीच लावा. जड लागला तर जोर करू नका. काढा, पुन्हा लावा.

५. चारही बोल्ट हाताने लागल्यावरच गन घ्या आणि समोरासमोरच्या क्रमाने आवळा. एक आधीच आवळला, तर बाकीची भोकं जुळत नाहीत.

आता हिशेब. एका बोल्टला ३ सेकंद जास्त धरले, तर चार बोल्टना १२ सेकंद, १०० नगांना २० मिनिटं. नगावर मजुरी देत असाल, तर कामगार हा वेळ वाचवणारच. चूक त्याची नाही, तुमच्या दराची आहे. म्हणून पुढचं कोटेशन देताना ही २० मिनिटं त्यात धरा, आणि मगच कामगाराला सांगा, "आधी हात, मग गन."