किरण, पेशीपटल आणि आपलें बियाणें

नांदेड-लातूरकडील शेतकऱ्यांस उडदाचें पीक नवें नाहीं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें व अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें सिद्ध केलेला 'टीएयू-१' हा उडदाचा वाण १९८५ सालीं महाराष्ट्रासाठीं प्रसृत झाला. त्याचें एक जनक किरणप्रयोगानें बदललेलें होतें. 'मग असें बीं घातक तर नाहीं ना ?' ही शंका साहजिक आहे. तिचा येथें विचार करूं.

प्रत्येक पेशीभोंवतीं पातळ पटल असतें. तें स्निग्ध द्रव्याचें असून त्यांत प्रथिनें रोवलेलीं असतात. चारीच्या दारानें पाणी सोडावें वा अडवावें, त्याप्रमाणें कोणता क्षार आंत घ्यावा व कोणता बाहेर सोडावा, हें काम तीं प्रथिनें करितात. प्रथिनाचें सामर्थ्य त्याच्या घडीवर अवलंबून असतें. घडी मोडली कीं काम थांबलें.

कोबाल्ट-६० पासून निघणारे गॅमा किरण पेशींत शिरले म्हणजे तेथील पाण्याचे रेणु फुटतात, व क्षणभरच टिकणारे परंतु अत्यंत उग्र कण उत्पन्न होतात. ते प्रथिनांतील गंधकयुक्त भागांवर विशेषेंकरून आघात करितात. घडी धरून ठेवणारे बंध तुटतात, किंवा शेजारचीं प्रथिनें एकमेकांस चिकटतात. स्निग्ध द्रव्यही खवट तेलासारखें बिघडतें. मग दार नीट उघडत नाहीं कीं मिटत नाहीं, आणि पेशींतील क्षार बाहेर झिरपतात. मात्रा अल्प असल्यास पेशी हें नुकसान बऱ्याच अंशीं भरून काढते. अधिक झाल्यास अंकुर मरतो.

परंतु पटलाचें हें नुकसान त्या झाडाबरोबरच संपतें. पुढील पिढीस पोहोंचतो तो केवळ आनुवंशिक द्रव्यांतील बदल. असे बहुतेक बदल निरुपयोगी असतात. असंख्य रोपांतून एखादेंच गुणी निवडावें लागतें. शिवाय या गॅमा किरणांनीं बीं स्वतः किरणोत्सर्गी होत नाहीं. तेव्हां आपल्या हातीं येणाऱ्या बियाण्यांत ना किरण उरले, ना ती इजा.

पटल केवळ किरणांनींच बिघडतें असें मात्र नाहीं. दमट व उष्ण जागीं ठेवलेल्या जुन्या बियांचीं पटलेंही हळूहळू अशींच विरतात. त्याकरितां, वाणाच्या उत्पत्तीस न भितां, बीं कोरड्या व थंड जागीं ठेवावें. आणि पेरणीपूर्वीं १०० दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून किती उगवतात तें अवश्य पाहावें. आमच्या मतें खरी भीति बाळगावयाची ती कोठींतील ओलीची होय.