शरीर ‘अल्कधर्मी’ केल्याने कर्करोग बरा होतो का?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून कर्करोगाच्या उपचारासाठी बंगळूरला येणारी अनेक मराठी कुटुंबे यशवंतपूर स्थानकावर उतरतात. निदान झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतच्या दिवसांत आप्तेष्टांकडून त्यांना एक सल्ला वारंवार मिळतो : कर्करोग आम्लधर्मी शरीरात वाढतो, म्हणून लिंबूपाणी, खाण्याचा सोडा किंवा बाटलीबंद ‘अल्कलाईन’ पाणी घेऊन शरीर अल्कधर्मी करावे. सल्ला देणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगला असतो. परंतु त्यास शास्त्रीय आधार नाही.

रक्ताचा सामू, म्हणजेच पीएच, ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत असतो. फुफ्फुसे श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडे अतिरिक्त आम्ल किंवा अल्क लघवीतून वगळून तो स्थिर राखतात. आहार बदलल्यास लघवीचा सामू बदलतो, रक्ताचा नाही. त्यामुळे घरी रंगपट्टीने लघवी तपासून ‘शरीर अल्कधर्मी झाले’ असे मानणे चुकीचे आहे. ती पट्टी मूत्रपिंडे आपले काम करीत आहेत एवढेच दाखविते. अल्कधर्मी पाणीही प्रथम जठरातील तीव्र आम्लातच पडते.

या समजुतीच्या समर्थनार्थ जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांचे नाव सांगितले जाते. कर्कपेशी ग्लुकोज मोठ्या प्रमाणात वापरून लॅक्टिक आम्ल तयार करतात, हे त्यांचे निरीक्षण खरे आहे. मात्र गाठीभोवतीची आम्लता ही गाठीनेच निर्माण केलेली असते; ती रोगाचा परिणाम आहे. त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पेशींच्या श्वसनातील विकराच्या संशोधनासाठी, कर्करोगावरील उपायासाठी नव्हे.

जेवणात लिंबू पिळण्यास हरकत नाही. सोड्याचे तसे नाही. तो अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. मूत्रपिंडाचा विकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांना धोका अधिक असतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कर्करोगमुक्तीचे श्रेय लिंबूपाणी, हळद, कडुनिंब व आहारनियमनास दिले. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया व केमोथेरपीही झाली होती, ही बाब ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या लक्षात राहिली नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी तेव्हा निवेदन काढून अशा दाव्यांना दर्जेदार पुरावा नसल्याचे सांगितले आणि कोणीही उपचार लांबवू नयेत, असे आवाहन केले.

उपचार लांबणे हीच खरी हानी आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रसार न झालेल्या कर्करोगावर केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो पाचपटींहून अधिक होता. जी गाठ आज शस्त्रक्रियेने काढता येते, ती काही महिन्यांनी काढता येईलच असे नाही.

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करणे गुन्हा आहे. अशी जाहिरात आढळल्यास राज्याच्या औषध नियंत्रण विभागाकडे तक्रार करावी.

रुग्ण काढा, चूर्ण किंवा हळदीच्या गोळ्या घेत असल्यास ते डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. काही वनस्पतिजन्य पदार्थांमुळे केमोथेरपीच्या औषधांचा परिणाम बदलतो, तर काहींमुळे शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तस्राव वाढतो. बंगळूरमध्ये होसूर रस्त्यावरील किदवई मेमोरियल कर्करोग संस्था ही शासकीय संस्था आहे. तेथे जाताना पूर्वीचे अहवाल, बायोप्सीच्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे, आधारपत्र आणि शिधापत्रिका सोबत न्यावी. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारसाहाय्य मिळते. पात्रतेची चौकशी १४५५५ या क्रमांकावर करता येते.