गरोदरपणातले बीपी आणि रक्ताचा रिपोर्ट

पाय सुजले की घरातली माणसे म्हणतात, "पोटुशी आहे, सूज येणारच." वस्तीत फिरताना हे आम्ही पुष्कळदा ऐकतो. पायावर थोडी सूज अनेकींना येते, हे खरे. पण पाचवा महिना उलटल्यावर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेले आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया असतो. उपचार वेळेवर झाले नाहीत तर झटके येतात आणि आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतते.

हा आजार फक्त बीपीचा नाही. यात वारेला रक्त नीट पोचत नाही. मग वारेतून आईच्या रक्तात असे पदार्थ येतात की अंगभरच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. म्हणून डॉक्टर रक्त तपासतात. रिपोर्टवर हे पाहा :

प्लेटलेट : इजा झालेल्या जागी चिकटून त्या खर्च होतात. एक लाखाच्या खाली गेल्या तर धोका मोठा.

क्रिएटिनिन : गरोदरपणी मूत्रपिंडे जास्त काम करतात, म्हणून हा आकडा साधारण ०.४ ते ०.८ असतो. रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा बहुधा गरोदर नसलेल्यांची असते. म्हणून १ आला तरी "नॉर्मल आहे" म्हणून घरी बसू नका. १.१ च्या वर गेला तर आजार गंभीर समजतात.

एसजीओटी, एसजीपीटी : यकृताला इजा झाली की वाढतात. मर्यादेच्या दुप्पट झाले तर गंभीर. अशा वेळी उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखते. पित्त समजून नुसती गोळी घेऊ नका.

युरिक ॲसिड : हेही वाढते, पण एकट्या या आकड्यावर निदान होत नाही.

हिमोग्लोबिन : रक्तातले पाणी बाहेर झिरपून सूज येते आणि उरलेले रक्त घट्ट होते. बीपी वाढलेले असताना हिमोग्लोबिन अचानक वाढलेले दिसले, तर तो लोहाच्या गोळ्यांचाच गुण असे धरून चालू नका.

जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, धाप, कमी लघवी यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी थांबू नका, १०८ ला फोन करा. बीपी १६०/११० असेल तर काहीही त्रास नसला तरी लगेच दवाखाना गाठा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. प्रत्येक वेळी बीपी आणि लघवी तपासून घ्या. कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका. जुने रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा, कारण आकडा किती वेगाने बदलला ते त्यावरूनच कळते.

बाळंतपण झाले की धोका लगेच टळत नाही. पुढचे सहा आठवडे बीपी बघत राहा. सासूबाई, नवरा, नणंद, हे सगळ्यांनी वाचा. आजारी बाईला स्वतःहून उठून जाणे जमेलच असे नाही.