नोंदच नाही, तर मोजणी कशी?

प्रश्न : क्षयरोगाचे किंवा डेंग्यूचे खरे रुग्ण सरकारी आकड्यांपेक्षा जास्त असतात, असे तज्ज्ञ सांगतात. पण ज्यांची नोंदच झाली नाही, ते मोजले कसे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : एकाच यादीवरून ते कळत नाही. त्याच भागाच्या, त्याच काळाच्या, पण स्वतंत्रपणे केलेल्या दोन याद्या लागतात.

समजा, एका तालुक्यात दवाखान्यांनी वर्षभरात ३०० क्षयरुग्ण कळवले. प्रयोगशाळांच्या नोंदवह्यांत २०० सापडले. नावे ताडून पाहिली, तर ६० जण दोन्हीकडे. म्हणजे प्रयोगशाळांच्या दर शंभरांतले ३० दवाखान्यांच्या यादीत आले होते. ही यादी सगळ्याच रुग्णांपैकी ३० टक्के टिपते असे धरले, तर एकूण रुग्ण १,००० होतात. दोन्ही याद्यांत मिळून नावे ४४०. उरलेले ५६० कुणाच्याच वहीत नाहीत.

तळ्यातले मासे मोजणारे शास्त्रज्ञ ही रीत आधीपासून वापरत होते. माणसांच्या नोंदींसाठी ती पक्की केली सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी. कोलकात्याजवळच्या सिंगूर भागातली जन्म-मृत्यूची सरकारी नोंद घरोघरच्या पाहणीशी ताडून, नोंदणीतून किती सुटले याचा अंदाज त्यांनी १९४९ साली मांडला.

मेख आहे ती ‘स्वतंत्रपणे’ या अटीत. आजार बळावलेला रुग्ण दवाखान्यातही जातो आणि त्याची थुंकीही तपासली जाते. तो दोन्हीकडे सापडतोच. त्यामुळे जुळणारी नावे वाढतात आणि एकूण अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. उलट, एकीकडे माहेरचे नाव आणि दुसरीकडे सासरचे असले, तर एकाच बाईच्या दोन बायका होतात आणि अंदाज फुगतो. म्हणून वय, लिंग, गाव असे गट पाडून हिशेब करतात. तिसरी यादी मिळाली, तर याद्या एकमेकींवर किती अवलंबून आहेत, हेही प्रारूपात धरता येते. उत्तर मात्र एका आकड्यात न देता ‘इतके ते इतके’ असेच द्यावे लागते.

याचा उपयोग काय? पुढच्या वर्षी दवाखान्यांची यादी ३०० वरून ४५० वर गेली, तर साथ आली म्हणून ओरड होईल. पण तीच पडताळणी पुन्हा केल्यावर यादी आता ४५ टक्के रुग्ण टिपते असे दिसले, तर रुग्ण तेवढेच, हजारच आहेत. वाढली ती नोंद.